पगार नाही, मग जाता कशाला? वानुआतूला निघण्यापूर्वीचा माझा अनुभव

दक्षिण पॅसिफिक महासागरातील वानुआतू या सुमारे ८० बेटांच्या देशात शेतीविषयक स्वयंसेविका म्हणून माझी निवड झाली, तेव्हा तिथले प्रशिक्षणच मला जड जाईल, असे तापीकाठच्या आमच्या गावातील सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात अडले ते इथेच, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, आणि त्याची चीड अजूनही मनातून गेलेली नाही.

मुलाखत, रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे हे सर्व सुरळीत पार पडले. दीर्घ मुक्कामाच्या परवान्यासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे आपल्यावर गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला, हवे होते. त्याचा अर्ज पासपोर्टच्या संकेतस्थळावर करायचा असतो, शुल्क ५०० रुपये असते आणि ते नोकरी, निवासी दर्जा, स्थलांतर किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा यांसाठीच मिळते. पर्यटनासाठी मिळत नाही. माझा अर्ज पडताळणीसाठी ठाण्यात आला आणि तिथेच रुतून बसला.

टेबलावरच्या कर्मचाऱ्याने नेमणुकीचे पत्र उलटसुलट करून पाहिले आणि पगाराचा आकडा कुठे आहे, असे विचारले. राहण्याची सोय, जेवण आणि किरकोळ खर्चापुरता भत्ता मिळणार आहे, असे मी सांगितले. "ताई, पगार नाही, मग एवढ्या लांब जाता कशाला? ही तर सहल झाली," असे म्हणून त्याने माझे कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले. पुढच्या खेपेला सरपंचांचा रहिवासी दाखला मागितला, तो दिल्यावर पोलीस पाटलांचे पत्र मागितले, आणि तेही दिल्यावर साहेब बंदोबस्तावर असल्याचे कळले. घरी केळीची कापणी चालू होती, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी होती आणि वडील माझ्यासोबत ठाण्याच्या बाकावर बसून होते. कोणी बिनपगारी काम करायला जाईल यावर त्या टेबलाचा विश्वासच बसत नव्हता, याचे मला उशिरापेक्षाही अधिक वाईट वाटले; कारण पेरणी मागे पडलेल्या शेतकऱ्यासाठी इर्जिक, म्हणजे मजुरी न घेता सर्वांनी मिळून मदत, करणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

शेवटी मला निवडणाऱ्या संस्थेकडून दुसरे पत्र मागवले. त्यात व्हिसाचा प्रकार, मुक्कामाचा काळ, कामाचे ठिकाण आणि खर्च कोण करणार, हे चार मुद्दे ठळकपणे लिहून घेतले आणि ते पत्र थेट निरीक्षकांपुढे ठेवले. त्यांनी ते उभ्या उभ्याच वाचले आणि अहवाल त्याच संध्याकाळी वर गेला. म्हणून असे पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्यावे आणि अर्जात कारण म्हणून दीर्घ मुदतीचा व्हिसाच नोंदवावा. ठाण्यात कोणी चारित्र्य पडताळणीचा स्थानिक दाखला घेऊन जा म्हणाले तरी तो परदेशाच्या कामाला चालत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

प्रशिक्षण राजधानी पोर्ट व्हिला ज्या एफाटे बेटावर आहे, त्याच बेटावरील एका गावात झाले. बिस्लामा भाषेचे धडे, होडीत बसताना लाइफ जॅकेट घालण्याची शिस्त, मलेरियासाठी मच्छरदाणी, गावात पाऊल टाकण्यापूर्वी प्रमुखाची परवानगी, हे सर्व शिकवणाऱ्यांनी आपुलकीने शिकवले. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असतो, आणि २०१५ च्या मार्चमधील 'पाम' वादळाच्या आठवणी लोक आजही सांगतात. वादळाची सूचना मिळताच केळीची पाने कोयत्याने उतरवायची, म्हणजे वाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि खोड तगण्याची शक्यता वाढते, हे यजमानीण बाईंनी स्वतःच्या परसात करून दाखवले. त्यांचा हात झपाझप चालत होता. मधली गुंडाळलेली कोवळी सुरळी मात्र त्या जपून ठेवत होत्या. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात आमच्याकडे घडासकट आडव्या झालेल्या बागा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हा धडा मी वहीत आकृती काढून उतरवून घेतला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ऑस्ट्रेलियात विमान बदलायचे असेल, तर भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला शुल्क नाही, परंतु त्याचा अर्ज तिकीट काढल्यावर लगेच करावा. माझ्या त्या दुसऱ्या पत्राचा मसुदा मी जपून ठेवला आहे. खानदेशातून कोणी अशा कामाला निघत असेल, तर तो मी आनंदाने देईन.