न थांबलेला फ्लास्क

एका विद्यार्थिनीच्या प्रॅक्टिकल जर्नलमधला आलेख इतका सुबक होता की मला शंकाच आली. ग्लुकोजवर जिवाणूंची वाढ, मग चाळीस मिनिटं सपाट रेघ, मग लॅक्टोजवर, म्हणजे दुधातल्या साखरेवर, पुन्हा चढ. अगदी पुस्तकातला. पण कागदावर खोडरबराचा मळकटपणा राहिला होता, आणि त्याखाली पेन्सिलीची थेट वर गेलेली रेघ दिसत होती.

एम.एस्सी.चं हे प्रॅक्टिकल मी दरवर्षी घेते. लिटरला ०.४ ग्रॅम ग्लुकोज आणि त्याच्या चौपट लॅक्टोज एकाच फ्लास्कमध्ये घालायचं, ई. कोलाय जिवाणू सोडायचे, ३७ अंशांवर शेकरवर ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी गढूळपणाचं, म्हणजे वाढीचं, रीडिंग घ्यायचं. महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांना असाच दोन पायऱ्यांचा आलेख मिळाला होता. ग्लुकोज आत येत असतं तोवर जिवाणू लॅक्टोजला आत घेतच नाहीत. ग्लुकोज आत ओढणारीच एक प्रथिनसाखळी लॅक्टोजचं दार धरून ठेवते. ग्लुकोज संपलं की ती दारं आणि लॅक्टोज फोडणारं एन्झाइम नव्यानं घडवायचं, म्हणून मधे वाढ थांबते.

"रफ वही दाखव," म्हटलं तर तिचा चेहरा उतरला. "मॅडम, आमचा फ्लास्क थांबलाच नाही. बाकी सगळ्यांचा थांबला. म्हणून शेजारच्या टेबलची रीडिंग..."

रागवायचं होतं. पण वहीतले आकडे बघितले आणि राग मागे पडला. ०.०६ पासून सुरुवात, साधारण तासाला दुप्पट, आणि ०.५ च्या आसपास, जिथं बाकीच्यांची वाढ अडली, तिथं हिचा चढ फक्त किंचित मंदावला होता. चुकलेली रीडिंग अशी शिस्तीत चुकत नाहीत.

ग्लुकोज घालायचं राहिलं? मग चढ मधेच का बदलेल? दुसराच जिवाणू शिरला? प्लेटवर तसं काही दिसलं नाही. शेवटी लॅबमधल्या मामांना विचारलं, फ्रीजमधल्या इनॉक्युलमच्या, म्हणजे फ्लास्कमध्ये सोडलेल्या मूळ जिवाणूंच्या, नळ्या आहेत का. होत्या. मामा काहीच टाकून देत नाहीत. एरवी यावरून आमची वादावादी होते. तिच्या टेबलच्या नळीवर मार्करचं नाव स्पिरिटनं पुसून गेलं होतं.

दोन नळ्यांतला थोडा थोडा कल्चर घेतला, पेशींची आवरणं सैल व्हावीत म्हणून टोल्युइनचा थेंब टाकून हलवला, आणि लॅक्टोज फोडणाऱ्या एन्झाइमनं फुटलं की पिवळं होणारं ओएनपीजी घातलं. शेजारच्या टेबलची नळी पाण्यासारखी राहिली. तिची बघता बघता हळदीसारखी पिवळी. म्हणजे लॅक्टोज फोडणारं एन्झाइम तिथं आधीपासूनच भरपूर होतं. आदल्या दिवशी एन्झाइमच्या प्रॅक्टिकलसाठी लॅक्टोजवर वाढवलेली नळी मीच त्या स्टँडमध्ये ठेवली होती.

"पण मॅडम, सकाळभर तर ते ग्लुकोजवरच होते ना?"

प्रश्न बरोबर होता. फळ्यावर हिशोब मांडला. ०.०६ पासून ०.५ पर्यंत जायला तीनच दुपटी लागतात. पेशी दुभंगते तेव्हा आवरणातली लॅक्टोजची दारं दोन्ही पिलांत वाटली जातात, घरची भांडी भावांत वाटावीत तशी. नवी फारशी घडत नाहीत, पण जुनी मोडतही नाहीत. तीन वाटण्यांनंतर प्रत्येकीकडे आठवा हिस्सा उरतो. ग्लुकोज संपल्या क्षणी लॅक्टोज आत घ्यायला तेवढी पुंजी पुरली, म्हणून थांबा दिसलाच नाही. ग्लुकोज जास्त घातलं असतं तर आणखी वाटण्या होऊन हिचाही फ्लास्क बहुधा अडला असता.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही इनॉक्युलम मुद्दाम वेगळे वाढवून सगळं पुन्हा केलं. एक फ्लास्क थांबला, एक नाही. संध्याकाळी सातला लॅबला कुलूप लावायला मामा ताटकळत उभे होते.

जर्नलमध्ये आता दोन आलेख आहेत. 'इनॉक्युलम' या मथळ्याखाली तिनं लिहिलंय, 'लॅक्टोजवर वाढवलेला, मॅडमच्या चुकीमुळे'. मी खाली सही केली.