गणितात ५, शिवणात २: तोक्योतल्या चुगाक्कोचा माझा अनुभव

जुलै २०२३. मुलाच्या चुगाक्कोत, म्हणजे माध्यमिक शाळेत, बाकं जोडून ठेवलेली, पलीकडे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, अलीकडे मी आणि मुलगा. पायांत घरून आणलेल्या सपाता, बूट पिशवीत. 'सान्शा मेन्दान', म्हणजे विद्यार्थी-पालक-शिक्षक अशी तिघांची बैठक, मोजून १५ मिनिटं. निकालपत्रात गणिताला ५ होते. इथे ५ म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, त्यामुळे मी निर्धास्त. सेन्सेईंचं बोट मात्र भलत्याच रकान्यावर टेकलेलं. गिजुत्सु-काते, म्हणजे तंत्रकाम आणि गृहशास्त्र मिळून एक विषय. त्यात २.

मी हसलो. ते हसले नाहीत.

आम्ही २०१९ मध्ये तोक्योतल्या निशी-कासाई भागात आलो तेव्हा मुलगा चौथीत होता. आजूबाजूची बरीच भारतीय मुलं इंडियन स्कूलला जातात. आम्ही फीचा आकडा बघितला आणि वॉर्डाच्या शाळेत घातलं. प्राथमिक सहा वर्षांची, मग चुगाक्को तीन वर्षांची, आपल्या हिशेबाने सातवी ते नववी. फी नाही, पुस्तकं फुकट. गणवेशाला मात्र पैसे मोजावे लागतात, आणि पोरगा वाढत्या वयाचा.

२ का मिळाले? कापडी पिशवी अर्धीच शिवलेली आणि सोबतची वर्कबुक जमाच केली नव्हती. २०२१ पासून चुगाक्कोत प्रत्येक विषयाला तीन अंगांनी मोजतात: ज्ञान आणि कौशल्य, विचार आणि मांडणी, आणि अभ्यासाला स्वतःहून भिडण्याची वृत्ती. या तिसऱ्यात पोरगा सपशेल आपटला होता. पेपरात बरे गुण होते म्हणे.

खरं सांगायचं तर चूक माझीच. मी सांगलीच्या ज्या शाळेत शिकलो तिथे पीटीचा तास गणिताचे सर घ्यायचे, तेही फळ्यावर, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरात तेच वारं. "आधी गणित कर, पिशवी काय, बाजारात मिळते," हे वाक्य मीच बोललो होतो.

रात्री एक्सेल उघडलं. तोक्योच्या सरकारी हायस्कूलची नेहमीची प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत होते. पाच विषय, प्रत्येकी १००, त्या ५०० चे ७०० करतात. उरलेले ३०० शाळेच्या अहवालाचे, ज्याला 'नाइशिन' म्हणतात. त्यात जपानी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इंग्रजी यांच्या श्रेणी जशाच्या तशा धरतात, आणि संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण, गिजुत्सु-काते या चारांच्या दुप्पट. कारण सरळ आहे: प्रवेश परीक्षेत या चारांचा पेपरच नसतो. एकूण ६५, त्याचे ३००. म्हणजे शिवणातल्या २ चे ४ झाले तर लेखी परीक्षेतल्या साधारण १३ गुणांइतकी भर. गणितात तेरा गुण वाढवायला शिकवणीवाल्यांना मी किती येन दिले असते, तो रकाना मी भरलाच नाही.

अहवालात धरतात ते तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राचे गुण, आणि पोरगा तेव्हा दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सावरायला वेळ होता. पिशवी उसवून पुन्हा शिवायची ठरली. बायको आणि मी दोघंही बटणापलीकडे अडाणी. शेवटी व्हिडिओ कॉलवर आई. तिकडे दुपार, इकडे संध्याकाळ. ती म्हणाली, "आधी धावदोरा घाल, मग उलटी टीप. दोरा हातभरच घे, लांब घेतलास की गुंता." पोराने दोरा वाव-दीड वाव घेतलेला. गुंता झालाच. तिने मोबाइल स्टँडला टेकवून स्वतःच्या जुन्या परकराच्या कापडावर एकेक टाका घालून दाखवला, आणि हा इकडे जीभ बाहेर काढून तसाच. चौथ्या दिवशी काठ सरळ आला. बंद ओवायच्या जागी थोडा चुरगळला, तो तसाच ठेवला.

बाकीच्या गोष्टी आपोआप जमत गेल्या. सॉफ्ट टेनिसचा क्लब, शाळेआधी सराव. रोजची वर्गसफाई, झाडू आणि ओलं फडकं घेऊन. पहिल्या वर्षी आजीला वाटलं शिक्षा झालीये. समूहगायनाच्या स्पर्धेसाठी वर्ग आठवडेच्या आठवडे एकच गाणं घोकत होता, ते आम्हालाही पाठ झालं.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा झाली, तिचे २० गुण. म्हणजे एकूण १०२०. डिसेंबरात पुन्हा सान्शा मेन्दान. गिजुत्सु-काते ४, गणित ४. गणिताचा एक उतरला होता आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती, कारण सेन्सेई खूश दिसत होते. त्यांनी तीन शाळांची नावं कागदावर लिहिली आणि विचारलं मुलाला, मला नाही. त्याने मधली निवडली.

२१ फेब्रुवारी २०२५ ला तो परीक्षेला गेला, सकाळपासून एकामागून एक पाच पेपर. मार्चच्या सुरुवातीला निकाल. मोबाइलवर नंबर शोधताना माझ्या चष्म्यावर वाफ, त्याने फोन काढून घेतला. "आहे," म्हणाला.

आता हायस्कूलला संगीत, चित्रकला, सुलेखन यांतून एक निवडायचं होतं. मी काही बोललो नाही. त्याने सुलेखन घेतलं, आणि बाथरूमच्या बेसिनला शाईचे डाग पडलेत.