जामीनदार कुठून आणायचा?

अटलांटात मी एका ना-नफा कर्जसंस्थेत अर्ज तपासायचं काम करते. बँकेने दारातूनच परत पाठवलेल्या लहान उद्योजकांना आम्ही वीस-पन्नास हजार डॉलरपर्यंत कर्ज देतो. २०२४ सालापर्यंत त्याच्या जोडीला कृष्णवर्णीय उद्योजकांसाठी १५ हजारांचं एक अनुदानही होतं. त्याआधी मी सांगलीकडे एका सहकारी बँकेत होते. काम तेच. तिकडे विचारायचे, 'जामीनदार कोण?' इकडे अर्जात रकाना असतो, 'मित्र-नातेवाइकांकडून किती रक्कम उभी केली?' आकडा मोठा तर गुण जास्त. घरच्यांनीच पैसे लावले नाहीत तर आम्ही कशाला लावायचे, असा त्यामागचा हिशेब.

३ जून २०२४, सोमवार. सकाळी ज्या बाई आल्या त्या पेशाने रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे रुग्णांचा श्वास सांभाळणाऱ्या, उभी नोकरी आयसीयूत झालेली. त्यांच्या अर्जात त्या रकान्यात शून्य होतं. बहुतेक लोक तिथे रेघ मारतात किंवा जागा कोरी सोडतात. यांनी ठसठशीत शून्य काढलं होतं.

त्यांचं यंत्र म्हणजे ऑक्सिमीटर. कोविडात घरोघरी आलेला, बोटाला लावायचा तो चिमटा. लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधला जातो. घोळ असा की त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं आणि काळ्या कातडीवर हा अंदाज चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आकडे मांडले. चिमटा ९२ ते ९६ दाखवतोय आणि रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत होतं, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. म्हणजे ऑक्सिजन लावायला हवा तो माणूस 'ठीक आहे' म्हणून तसाच पडून राहणार.

त्यांनी टेबलावर दोन चिमटे ठेवले. एक बाजारातला, दुसरा ही चूक टाळायला त्यांनी बनवलेला, वायरी बाहेर लोंबणारा. "हात द्या," म्हणाल्या. माझ्या सावळ्या तर्जनीला एक लावला, मधल्या बोटाला दुसरा. दोन्हींवर ९८.

"फरक कुठे आहे?" मी विचारलं.

"दिसणारच नाही. तुम्ही ठणठणीत आहात. आकडा घसरायला लागला की हा फरक वाढतो. तेव्हा माणूस माझ्या वॉर्डात असतो, इन्व्हेस्टरच्या कॉन्फरन्स रूममध्ये नसतो."

इन्व्हेस्टर म्हणत, आधी चाचणीचे निष्कर्ष आणा. चाचणीला पैसा लागतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या (एफडीए) २०१३ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे चाचणीत किमान १० जण पुरत आणि त्यांत गडद वर्णाचे दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दहांत दोन! बाईंना सगळ्या वर्णछटांची, त्याहून कितीतरी जास्त माणसं हवी होती. खर्च अर्थातच त्या मानाने.

आणि तो शून्याचा रकाना. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती होती २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. काका-मामांनी पहिले पन्नास हजार काढून द्यायचे ते कशातून? विट्याच्या एका दलित तरुणाची यंत्रमागाची फाइल मला अजून आठवते. मशीनचं कोटेशन होतं, जागेचा करार होता. पण सातबारा नावावर असलेला एकही माणूस गणगोतात नव्हता. फाइल तिथेच अडली. इथे कुणी हटकलं की 'कॅलेंडली' या भेटीच्या वेळा ठरवायच्या ॲपचे कृष्णवर्णीय संस्थापक टोपे अवोटोना यांचं उदाहरण तोंडावर फेकतात: अटलांटाचेच, २०२१ साली कंपनीचं मोल ३ अब्ज डॉलर. त्यांनी आयुष्यभराची बचत पणाला लावली होती हे मात्र कुणी सांगत नाही.

बाईंची अनुदानाची फाइल त्याच आठवड्यात सहीला जायची होती. पण त्याच दिवशी 'फिअरलेस फंड'चा निकाल लागला. अटलांटातलीच ही संस्था कृष्णवर्णीय महिलांच्या व्यवसायांना स्पर्धेतून २० हजार डॉलर देत असे. अकराव्या सर्किटच्या, म्हणजे आमचं जॉर्जिया राज्य ज्यात येतं त्या विभागाच्या, अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ती स्पर्धा थांबवली. आधार १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांना गोऱ्यांसारखेच करार करता यावेत म्हणून झालेला कायदा! स्पर्धा हाही एक करारच, आणि त्यात वंश पाहायचा नाही, असा युक्तिवाद न्यायालयाला पटला.

आमच्यावर कुणी दावा केला नव्हता. तरी वकिलांचा फोन आलाच: "वंशाची अट असलेलं सगळं आजपासून बंद."

बाईंना मीच कळवलं. "थांबवलं म्हणजे नाकारलं का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, "मग नवीन फॉर्म आला की पाठवा," एवढंच बोलल्या. कर्जाचा अर्ज मी समितीपुढे नेला, शून्यावर भांडले, २५ हजार मंजूर झाले. पण १५ हजार परत न करायचे होते. हे व्याजासकट फेडायचे.

अनुदानाचा नवा फॉर्म करताना मित्र-नातेवाइकांचा रकाना मी उडवायला लावला. त्याजागी प्रश्न आले: आई-वडिलांच्या नावावर घर होतं का, घराण्यात आधी कुणी धंदा केलाय का. हे प्रश्न जास्त नेमके आहेत, हे मला मान्य आहे. ते आम्ही आपणहून कधी विचारले नाहीत, वकिलाच्या धाकाने विचारले, याचा राग मात्र गेलेला नाही.

शरदात फॉर्म निघाला. बाईंचा अर्ज पहिल्याच दिवशी आला. त्याच आठवड्यात जॉर्जियातल्याच डाल्टनहून एका गोऱ्या तरुणाचा आला. बाप कार्पेटच्या गिरणीत, भाड्याचं घर, घराण्यात धंदा कुणीच केलेला नाही. नव्या प्रश्नांवर दोघांचे गुण सारखे आणि त्या तिमाहीत पैसे एकालाच पुरतील एवढे. बाईंची फाइल जूनपासूनची म्हणून मी ती पुढे केली आणि त्याला पुढच्या तिमाहीत यायला सांगितलं. तो काही खूश झाला नाही.