त्याला पाहिजे तरी काय?

गुरुवार होता, म्हणजे वीज नव्हती. पुण्यातल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. पंखा बंद, वायफाय बंद, समोरच्या बिल्डिंगच्या झाडून सगळ्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी. सुट्टीला आलेली भाची तेवढी सुखात होती. तिनं आदल्या रात्रीच टॅबमध्ये पिक्चर उतरवून ठेवला होता. पडदे ओढून, गादीवर पालथी पडून ती जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा 'हॅलोविन' बघत होती. मीही शेजारी टेकलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पिक्चर संपला तशी ती उठून बसली.

"ठीक होता, मामा. पण तो असं का करतो, ते सांगतच नाहीत."

"कोण?"

"तोच, मास्कवाला. त्याची काही स्टोरी असेल ना? लहानपणी काहीतरी झालं असेल." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं तीन स्टार देऊन टाकले. पाचपैकी.

मला राग आला. कार्पेंटर माझा कोणी लागत नाही, पण आला खरा. कारण मला त्या पिक्चरमध्ये जे आवडतं, नेमकं तेच हिनं उणं म्हणून धरलं होतं. सहा वर्षांचं पोरगं सुरी घेऊन सख्ख्या बहिणीला मारतं. आईबाप गाडीतून उतरतात, बाप पोराच्या तोंडावरचा मुखवटा काढतो, आणि आत एक साधा, गोरागोमटा, जरासा भांबावलेला चेहरा. का मारलं? नाही सांगत. पंधरा वर्षं त्याच्यावर नजर ठेवून असलेला डॉक्टरही शेवटी हात टेकतो. मोठेपणी तो जो पांढराफटक मुखवटा घालतो, तोही दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. पिक्चरवाल्यांकडे पैसे नव्हते. त्यांनी त्यालाच पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं काम. त्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तर तो अजून बघवत नाही.

पण लोकांना राहवत नाही. १९८१ साली दुसरा भाग आला आणि त्यात कळलं की तो जिच्या मागे लागलाय ती त्याची धाकटी बहीण. संपलं! माझी निम्मी भीती तिथेच गेली. भाऊबंदकीला काय घाबरायचं? ती तर आमच्या आळीत घरोघरी होती आणि तारखांवर तारखा पडत होत्या. २००७ च्या रिमेकमध्ये तर त्याचं अख्खं बालपण दाखवलं. घरात शिवीगाळ, शाळेत टवाळी. आता त्या राक्षसाची मला दया यायला लागली, आणि दया आली की भीती पायात चपला घालते. २०१८ साली पुन्हा एक भाग काढला तेव्हा बहिणीचं प्रकरण मुकाट्यानं गुंडाळून ठेवलं होतं. म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

तर हा माझा हट्ट आहे, आणि तो घरात सगळ्यांना पाठ आहे. भुताला बायोडेटा जोडायचा नाही.

याचं मूळ आमच्या वाड्यात आहे. वाड्यात वर्षातून एखाद्या वेळी, बहुतेक गणपती उठल्यावर, उरलेल्या वर्गणीतून व्हीसीआर भाड्यानं आणायचे. भाडं रात्रीचं, म्हणून रात्र पुरेपूर वसूल करायची. पहिली कॅसेट म्हाताऱ्यांसाठी देवादिकांची, दुसरी अमिताभची, आणि तिसरी, पोरं एव्हाना झोपली असतील असं धरून, 'तसली'. तसली म्हणजे रामसे बंधूंची. पोरं अर्थातच झोपलेली नसत. सतरंजीवर एका गोधडीत चौघं, गोधडीला भोक एकच, आणि त्या भोकावरून गोधडीत मारामारी.

'पुराना मंदिर' तिथेच पाहिला. १९८४ चा पिक्चर, आमच्याकडे कॅसेट पोचेपर्यंत ती इतक्यांनी घासलेली होती की पडद्यावर वरून खाली पांढरे पट्टे सरकायचे. सामरी नावाचा सैतान. राजानं त्याचं मुंडकं उडवून धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं दुसरीकडे पेटीत बंद. मरता मरता त्यानं शाप दिलेला, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पेटी उघडली जाणार हे सतरंजीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वाडा चिडीचूप. आणि खांबाला टेकून वाती वळत बसलेल्या आजीनं मोठ्यांदा विचारलं,

"त्याला पाहिजे तरी काय?"

काका म्हणाले, "आई, त्याला त्याचं डोकं पाहिजे."

"मग देऊन टाका की."

"दिलं तर तो जिवंत होईल ना!"

"मग इतकी वर्षं जपून कशाला ठेवलं? मुठेत सोडून द्यायचं. तेव्हा पाणी होतं मुठेला." आणि जरा थांबून, वात तळहातावर घासत, "एवढी हवेली, पण दिवाणखान्यात एक ट्यूब लावतील तर शपथ."

सगळा वाडा हसला. सामरी बिचारा पेटीतून उठला तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आजीचं चुकत नव्हतं. तिच्या जगातली भुतं सगळी मागणीदार होती. मुंज झाली आणि सोडमुंजेआधी पोरगा गेला तर मुंज्या, तो पिंपळावर. बाळंतपणात बाई गेली तर हडळ. प्रत्येकाचं येण्याचं कारण ठरलेलं, पत्ता ठरलेला, आणि मागणंही ठरलेलं. दहीभात, नारळ, लिंबू. उतारा तिठ्यावर ठेवला, मागे वळून न बघता घरी आलं, की प्रकरण मिटलं. अशा बाईला रामसे काय घाबरवणार?

भीती मला वाटली ती नंतर. पहाटे कधीतरी पिक्चर संपला, मोठी माणसं सतरंज्या झटकायला लागली, आणि मला जायचं होतं. वाड्याचे संडास मागच्या अंगाला. चौक ओलांडायचा, हौदाच्या कडेनं बोळात शिरायचं, बोळाच्या तोंडाशी चाळीसचा एक बल्ब, तोही बोळाकडे पाठ करून लावल्यासारखा. डबा भरून घ्यायचा, पत्र्याचं दार ओढायचं, कडी लागत नसे म्हणून ते एका हातानं धरून ठेवायचं. हौदात नळ ठिबकत होता. ठिबकणं मध्येच थांबलं. एवढंच. कुणी आलं नाही, काही दिसलं नाही. पण त्या बोळात जे काही होतं त्याला ना डोकं हवं होतं ना दहीभात, हे मला त्या वयातही पक्कं समजलं. आजीचा प्रश्न मनातल्या मनात विचारून पाहिला. उत्तर नव्हतं. डबा तिथेच टाकून पळालो.

रामसेंना नावं ठेवायची नाहीत मात्र. बाप आणि सात मुलं, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, असा घरचाच कारखाना. पहिलं यश 'दो गज जमीन के नीचे', १९७२. त्यासाठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला जाऊन सरकारी विश्रामगृहात राहिलं आणि तिथेच शूटिंग उरकलं. पुण्याची माणसं महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातात, ही माणसं प्रेतं पुरायला गेली. मध्येच जगदीपचा विनोद, मध्येच धबधब्याखालचं गाणं, आणि मग एकदम कर्रर्र करून दार. आता तेच पिक्चर स्वच्छ धुऊनपुसून बघायला मिळतात आणि त्यात सामरीच्या गालावरचा डिंक दिसतो. माझं मत विचाराल तर तो पिक्चर पांढऱ्या पट्ट्यांसकटच बघावा.

कारण दिलं की भूत मवाळ होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा तर आमच्याच गावात उभा आहे. शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, मागे गारदी, आणि 'काका, मला वाचवा'. अमावास्येला की पौर्णिमेला, यावर वाद आहे, पण ती हाक ऐकू येते हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. खून कुणी केला, कुणी करवला, काका कोण, काकू कोण, पुढे रामशास्त्र्यांनी काय सुनावलं, सगळं कागदोपत्री. परिणाम? पुण्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या भुताला कुणीही घाबरत नाही. दिल्ली दरवाज्यासमोर लोक भेळ खातात.

हिचकॉकसारख्या माणसालाही मोह आवरला नाही. 'सायको', १९६०. सगळं होऊन गेल्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि आई, मुलगा, दुभंगलेलं मन यावर चांगलं व्याख्यान झोडतो. वसंत व्याख्यानमालेत शोभेल असं. नशीब की त्यानंतर आणखी एक प्रसंग आहे. तो पोरगा खोलीत एकटा बसून कॅमेऱ्याकडे बघत जे हसतो, त्यात सगळं व्याख्यान वाहून जातं. १९९८ साली गस व्हॅन सँटनं हाच पिक्चर जवळजवळ शॉटला शॉट, रंगीत करून पुन्हा काढला. का, ते अजून कुणाला कळलेलं नाही. त्यातलं भीतीदायक म्हणायचं तर तेवढंच. 'ओमेन'चा रिमेक तर सैतानाचा आकडा साधायचा म्हणून ६ जून २००६ ला लावला. आपण नारळ फोडायला मुहूर्त बघतो, त्यांनी सैतानाला दाखवला.

रिमेक म्हणजे वाईटच असं नाही. कार्पेंटरचा 'द थिंग' हाही १९५१ च्या पिक्चरवरूनच केलेला. १९८२ साली समीक्षकांनी त्याला सोलून काढलं, आणि आज मूळ पिक्चर शोधावा लागतो. शेवटी बर्फात दोन माणसं उरतात. त्यांतला कोण माणूस आणि कोण माणसाचं रूप घेतलेलं 'ते', हे ना त्यांना ठाऊक ना आपल्याला. भाचीला दाखवणार नाही. अडीच स्टार देईल.

आपल्याकडची अडचण जरा वेगळी. 'झपाटलेला' १९९३ चा. रामदास पाध्यांचा तो बाहुला, तात्या विंचू, बघून आमच्या शेजारच्या पोरीनं स्वतःची बाहुली माळ्यावर टाकली होती. वीस वर्षांनी दुसरा भाग आला, थ्रीडीमध्ये. चष्मा लावून बसलो. तात्या विंचू अगदी नाकाशी आला, पण सीक्वेलमध्ये भूत परत आणता येतं, लक्ष्या कुठून आणणार? चष्मा काढून पेटीत टाकला आणि बाहेर आलो.

आणि 'लपाछपी'. इथे माझा हट्ट अडखळतो, कबूल. पोटुशी बाई, उसाच्या फडातलं घर, चहूबाजूंना ऊस आणि पोरांचे आवाज. ती पोरं कोण, हे शेवटी कळतं आणि कारण कळल्यावर भीती कमी होत नाही, वाढते, कारण ते कारण आपल्याच पेपरात रोज आतल्या पानावर असतं. विशाल फुरियानं पुढे २०२१ मध्ये स्वतःच हिंदीत 'छोरी' केला. मला मराठीच जास्त लागला. ऊस ओळखीचा होता म्हणूनही असेल.

पण पुणेकर कारणाशिवाय राहत नाही हेच खरं. २००३ साली 'भूत' लागला होता. हवेली नाही, धुकं नाही, गाणी नाहीत, सरळ मुंबईतला फ्लॅट आणि लिफ्ट. आमचा वाडा नुकताच बिल्डरकडे गेलेला, आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये, त्यामुळे मी खुर्चीचे दांडे धरून बसलो होतो. नवराबायकोला तो फ्लॅट स्वस्तात पडतो, कारण आधीच्या बाईचा तिथे बाल्कनीतून पडून जीव गेलेला. मागच्या रांगेतून एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, रेट ऐकला तेव्हाच मला शंका आली होती." पुढचा पिक्चर त्यांनी अत्यंत समाधानानं पाहिला. गुन्हा कुणाचा ते ठरलं होतं. कमी भावात घेणाऱ्याचा.

मीही त्या रात्री घरी जाऊन आमच्या फ्लॅटचं भाडं आजूबाजूच्या फ्लॅटशी ताडून पाहिलं. दोनशे रुपये जास्तच होतं. झोप लागली.

हे सगळं भाचीला सांगणार होतो. वीज आली, पंखा फिरला, ती चार्जर शोधत आत गेली, राहिलं.

२०२० च्या गणपतीच्या सुमाराला आमच्या सोसायटीत रोज कुणा ना कुणाचं कळायचं. कळलं की पहिला प्रश्न एकच, "कसा काय झाला?" आणि उत्तर असायचंच. मंडईत जात होते म्हणे. लेकीकडे जाऊन आले म्हणे. मास्क नाकाखाली असायचा त्यांचा, मी दोनदा सांगितलं होतं. उत्तर मिळालं की फोन ठेवताना जरा हलकं वाटायचं, कारण आपण मंडईत जात नव्हतो आणि आपला मास्क नाकावर होता. मग दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. मार्चपासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. दूध पिशवी धुऊन आत, भाजी सोड्याच्या पाण्यातून आत, मुलगा-सून परदेशात, कामवाली बंद. दोन दिवस सोसायटीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी जिन्यातून ओरडून सांगितलं, "अहो, ते पेपर घेत होते ना! पेपरातूनच आला."

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी पेपर बंद केला.