आमची वाटचाल : फॉर्ममधले मराठी नाव

सांगलीत वेबसाइटचे फॉर्म बनवण्याचे आमचे काम बरीच वर्षे सुरळीत चालले आणि त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते होस्टिंग कंपनीने न विचारता सर्व्हर बदलला तेव्हाचे. जुन्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबल मुळात लॅटिन-१ या, एका बाइटला एक युरोपीय अक्षर मानणाऱ्या, संकेताचे होई आणि कनेक्शनही तेच असे. त्यामुळे फॉर्ममधून आलेले यूटीएफ-८ चे, म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट वापरणाऱ्या संकेताचे, बाइट जसेच्या तसे आत जात, तसेच बाहेर येत आणि मराठी बिनचूक दिसे. नवे कनेक्शन यूटीएफ-८ चे निघाले, त्याने प्रत्येक बाइटचे स्वतंत्र अक्षर केले आणि आमच्या वधू-वर सूचक मंडळाच्या यादीत स्थळांच्या नावांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ‘ए’ची रांग लागली.

शहरातल्याच एका प्रतिस्पर्ध्याने लगोलग आमच्या ग्राहकांना फोन करून मराठीचा हट्ट सोडण्याचा सल्ला दिला. त्यांचे स्वतःचे मराठी तेव्हा केवळ फॉन्टवर उभे होते आणि फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा उरत असे, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही. बरेच ग्राहक गेले. मंडळाच्या संचालिका काकू राहिल्या.

जुन्या नोंदी, साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने पाहिल्या, तर ई०-ए४ ने सुरू होणारे बाइट शाबूत होते. रकाना आधी ब्लॉब, म्हणजे कोणताही संकेत न लावलेले नुसते बाइट, आणि मगच यूटीएफ८एमबी४, म्हणजे मायएसक्यूएलमधले पूर्ण यूटीएफ-८, केला, तशी नावे परतली; थेट बदलला असता तर चुकीचे रूपांतरच पक्के झाले असते. सर्व्हर बदलल्यानंतर भरलेल्या फॉर्मांतली नावे मात्र लॅटिन-१ च्या रकान्यात शिरताना प्रश्नचिन्हे झाली होती आणि त्यांतून मूळ नाव काढणारे हत्यार कोणाकडेच नाही. मोबाइल क्रमांक तेवढे वाचले होते. त्यांवर काकूंनी स्वतः फोन करून नाव, गोत्र, नक्षत्र पुन्हा लिहून घेतले.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी चाचणीसाठी ‘राम’ लिहून समाधान मानू नये. ‘गोऱ्हे’ लिहावे, कारण काही कीबोर्ड त्यातल्या ‘ऱ्ह’साठी अदृश्य जोडचिन्ह पाठवतात आणि नको ती अक्षरे गाळणारे फिल्टर नेमके तेच खातात. पन्नास बाइटांच्या रकान्यात देवनागरीची सोळाच चिन्हे मावतात, हेही आडनाव तुटण्याआधी पाहावे.

त्या प्रतिस्पर्ध्याचा फॉर्म आता मराठी घेतो. गोऱ्हे मात्र तिथे अजूनही गोर्हे होतात.