अष्टमीची ओहोटी

“मॅडम, त्या दिवशी तर भांग!”

पाचव्या प्रकरणाचं तिसरं पान चालू होतं. मी वाचायची थांबले. वेंगुर्ला तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवीची एकत्र बसवलेली तेवीस मुलं, आणि माझ्या हातात एका अद्भुत साहसकादंबरीची संहिता. नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठीची. दहा फर्मे, म्हणजे १६० पानं, छपाईला जायच्या बेतात. मी तिची संपादक. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलेले, आणि नायिकेच्या वेणीची रिबीन कुठल्या प्रकरणात कुठल्या रंगाची, याचीही नोंद ठेवलेली.

छापण्याआधी मुलांना वाचून दाखवायचं हा माझा हट्ट. तो मी उसना घेतलाय. १९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी ‘द हॉबिट’ची टंकलिखित प्रत आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिली. अभिप्रायाचं मानधन एक शिलिंग. पोराने पसंती दिली आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मला गंमत वाटते ती वेगळीच. दहा वर्षांच्या या परीक्षकाने पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असं लिहून दिलं होतं. स्वतःला त्यातून अलगद वगळून!

तर कादंबरीतली नायिका अष्टमीच्या मध्यरात्री समुद्रातल्या एका गुहेत शिरते. गुहेचं तोंड वर्षातून एकदाच, पाणी पार तळाला गेलं की उघडं पडतं. आत बोलणारे दगड आहेत, सावल्या गिळणारा पक्षी आहे. यातल्या एकाही गोष्टीवर कुणी भुवई उंचावली नव्हती. आणि आता खिडकीपाशी बसलेला सातवीतला मुलगा अष्टमीवर अडून बसला होता.

“भांगाक पाणी एवढा सुकता खय?”

वर्ग हसला. मला नव्हे, पुस्तकाला. पण लागायचं ते लागलंच. मागे बसलेले गुरुजी उठले आणि फळ्यावर आकडे मांडायला लागले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे साधारण बाराला ओहोटी. “लेखिकाबाईंनी वेळ बरोब्बर पकडलीय,” ते म्हणाले. “चुकलंय ते पाणी.” अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. तळ दिसायचा तर उधाण हवं, म्हणजे अमावास्या नाहीतर पौर्णिमा. उधाण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर उसळत्या लाटाच यायच्या. त्याच दिवसांत पाणी सगळ्यांत खालीही जातं, हे मला पुण्यात बसून कधी सुचलं नव्हतं.

“पण मग मध्यरात्र जाते,” मी म्हटलं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येला मध्यरात्री गुहेत शिरायला गेलेली नायिका ऐन भरतीत बुडणार. ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला.

“मग पहाटे जाऊंदे तिका,” मुलगा म्हणाला. जणू शाळेची बसच बदलायची होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर आठवं प्रकरण घेतलं. किल्ल्याभोवती तीनशे वर्षं रोज रात्री गस्त घालणारा महाकाय पहारेकरी. त्याची पावलं वाजतात, चपला करकरतात. वर्णन झकास होतं. त्यानंतर नायिका त्याला चकवून आत कशी जाते, ते मात्र मला पहिल्यापासून लंगडं वाटत होतं. तो अचानक झोपतो. तीनशे वर्षं न झोपलेला नेमका त्याच रात्री! लेखिकेशी यावर दोनदा वाद घातला होता आणि दोन्ही वेळा मीच कंटाळून सोडून दिला होता.

पाचवीतली एक मुलगी सबंध दिवस गप्प होती. ती उभी राहिली.

“आमच्या वेतोबाच्यो चपलो झिजतत. ह्येच्यो कशो झिजनत नाय?”

मला कळेना. गुरुजींनी शाळा सुटल्यावर मोटरसायकलवरून आरवलीला नेलं. वेतोबाच्या देवळात माणसापेक्षा उंच मूर्ती, केळ्यांचे घड, आणि नवसाच्या चामडी चपला. हातभर लांब, जाड तळाच्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून तळ झिजतात. मग नव्या वाहायच्या. गुरुजी हे सांगताना ना हसले, ना गंभीर झाले. रेशनच्या दुकानाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

तिथेच पायरीवर बसून मी पोरीच्या प्रश्नाचं पुढचं टोक धरलं. तीनशे वर्षं चालणाऱ्याच्या चपला झिजणार. झिजल्या तर नव्या लागणार. कुणीतरी त्या शिवत असणार, आणि त्या पोचवायला कुणीतरी किल्ल्यात जात असणार. उघड्या दाराने!

रात्री मुक्कामाच्या जागेवरून लेखिकेला फोन केला. आधी अष्टमी सांगितली. ती वैतागली. “अमावास्या केली तर माझं चांदणं कुठे जाईल? दोन पानं चांदणं आहे.” गेलंच, मी म्हटलं. तिने माझा, कोकणाचा आणि चंद्राचा उद्धार केला. मुलांना एकूण कसं वाटलं, असंही विचारलं. सातवीतल्यांनी ‘चौथीच्या पोरांना आवडेल’ असा निकाल दिला होता, तो मी तूर्त गिळला.

मग चपलांचं सांगितलं. पलीकडे इतका वेळ काहीच ऐकू येईना की मला वाटलं रेंज गेली.

“ऐक,” ती शेवटी म्हणाली, “एवढ्या पायाचं माप घ्यायला कोण जात असेल गं?”