सरकार बंद, ड्रिलही बंद

2025 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन आला. "टीव्हीवर सांगताहेत, अमेरिकेचं सरकार पडलं म्हणून."

"पडलं नाही हो आई, बंद आहे."

"बंद म्हणजे? आणि पोरगं घरात कसं? आज त्याची मिलिटरी असते ना?"

असते. आमचे चिरंजीव इथे ओहायोत कॉलेज करतात आणि आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ सैनिक, आहेत. महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिल, म्हणजे सैनिकी सराव, शिवाय वर्षातून दोन आठवड्यांचं शिबिर. सासूबाईंना यात नवल नाही, कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपल्याकडचे अर्धवेळ सैनिक) बटालियनच आहे. कोडं होतं ते बंद पडलेल्या सरकारचं.

आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान घेऊन गाडा चालतो, आणि लोकसभेने खर्चाच्या मागण्याच फेटाळल्या तर सरकार घरी जातं. इथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस (म्हणजे इथली संसद) वेगळी. कुणी कुणाला घरी पाठवू शकत नाही, म्हणून मग कर्मचाऱ्यांना पाठवतात! 1 ऑक्टोबरला इथलं आर्थिक वर्ष सुरू होतं. तोवर खर्चाला मंजुरी नसेल तर तिजोरीला कुलूप. मंजुरीशिवाय खर्च करू नये हा कायदा तसा 1884 चा, पण जवळजवळ शंभर वर्षं कचेऱ्या तशाच रेटून चालायच्या. 1980 मध्ये तेव्हाचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि शटडाऊन ही चीज खरी झाली.

चिरंजीवांना दोन दिवस आधी मेसेज आला होता: ड्रिल रद्द, पुढची सूचना येईपर्यंत थांबा. हिरवी बॅग भरून दारापाशी ठेवलेली. ती तिथेच राहिली आणि मी सहा आठवडे तिला अडखळत राहिले.

मला खटकलं ते वेगळंच. पूर्णवेळ सैनिक शटडाऊनमध्येही कामावर असतात. 15 ऑक्टोबरचा त्यांचा पगार संरक्षण खात्याने संशोधनाच्या पैशातून वळवून केला. (एका देणगीदाराने सैनिकांच्या पगारासाठी 13 कोटी डॉलर दिले. तेरा लाख सैनिकांत वाटले तर माणशी शंभर.) घरी बसवलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना मागाहून पगार मिळावा म्हणून 2019 चा कायदा आहे. रिझर्व्हवाला मात्र अधांतरी. ड्रिल झालंच नाही, तर थकबाकी कसली? शनिवार-रविवारच्या चार हजेऱ्या धरतात, प्रत्येकीला एका दिवसाचा पगार. आमच्या पोराचे ते चारशे डॉलरच्या आसपास होतात, म्हणजे त्याचं किराणा आणि पेट्रोल. शिवाय ड्रिलसाठी त्याने गोदामातली शनिवारची शिफ्ट आधीच दुसऱ्याला दिलेली. ती काही परत मिळाली नाही. सरकारही बंद, गोदामही बंद.

प्रत्येक हजेरीचा एक गुणही असतो. वर्षाला 50 गुण भरले तरच ते वर्ष पेन्शनसाठी धरतात, आणि अशी वीस वर्षं लागतात. एक महिना बुडाल्याने 50 ला धोका नसतो, हे त्यानेच मला समजावलं. "आई, पेन्शन साठाव्या वर्षी मिळतं, तू आत्तापासून काळजी करू नकोस."

नोव्हेंबरचं ड्रिलही असंच गेलं. दरवर्षी दिवाळीचा डबा मी त्याच्या युनिटला पाठवते. टेक्सासहून आलेला त्याचा सार्जंट चकलीला 'स्पायरल' म्हणतो आणि मूठभर खिशात घालतो. त्या वर्षी चकल्या आम्हीच खाल्ल्या.

12 नोव्हेंबरच्या रात्री खर्चाच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. 43 दिवस, तोवरचा सर्वांत लांब शटडाऊन. दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांचा फोन किणकिणला. बुडालेलं ड्रिल डिसेंबरला जोडून भरून काढायचं, तीन दिवस सलग, आणि नेमकी सोमवारी त्याची परीक्षा.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे भांडले ते, आणि सुट्टी गेली आमच्या पोराची?"

बॅग दारातून हलली आहे. त्यात या खेपेला अकाउंटिंगचं पुस्तकही आहे.